क्लीन रूमचा वर्ग नेमका कशावर ठरतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती हवा टिकवतात कशी?

प्रश्न असा आहे: "मी डोंबिवलीला राहते. बी.फार्म. करून तळोज्याच्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नुकतीच लागले आहे. एकाच जागेला कुणी क्लास १०० म्हणतं, कुणी आयएसओ ५, कुणी ग्रेड ए. हे सगळं एकच का? हेपा फिल्टर लावल्यावर हवा शुद्धच येत असेल, तर जंतू मोजायच्या रोज एवढ्या प्लेट्स आणि एवढ्या नोंदी कशासाठी? आणि जून लागला की सगळे सीनियर काळजीत का पडतात?"

मी २६ वर्षं मुंबई-ठाणे पट्ट्यात क्लीन रूमच्या (जिथल्या हवेतले कण आणि जंतू मोजूनमापून कमी ठेवतात अशा खोलीच्या) हवेचं आणि व्हॅलिडेशनचं, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चालतं का ते तपासून सिद्ध करण्याचं, काम करतो आहे. तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. क्लास १०० हा शब्द अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड २०९ मधून आला. एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण किती, यावरून नाव पडायचं. शंभरपर्यंत असले तर क्लास १००, दहा हजारांपर्यंत असले तर क्लास १०,०००. ते स्टँडर्ड नोव्हेंबर २००१ मध्ये रद्द झालं, पण आपल्याकडे जुन्या ऑपरेटर मंडळींच्या तोंडी अजून तेच आहे आणि त्यात काही बिघडत नाही. आता मोजणी आयएसओ १४६४४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. हे १९९९ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये सुधारलं गेलं. यात हिशोब घनमीटरचा आहे. एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट बसतात, म्हणून जुने १०० कण इथे ३,५२० च्या घरात जातात. आयएसओ ५ ची मर्यादा हीच. वर्ग एकाने चढला की मर्यादा दहापट होते: आयएसओ ६ ला ३५,२००, आयएसओ ७ ला ३,५२,०००, आयएसओ ८ ला ३५,२०,०००. आयएसओ ९ ची ३,५२,००,००० ही मर्यादा म्हणजे जवळपास साध्या खोलीतली हवा. अर्धा मायक्रॉन किती लहान? आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे त्याच्या रुंदीत असे सुमारे १४० कण ओळीनं बसतील.

ग्रेड ए, बी, सी, डी ही भाषा मात्र औषधांची. युरोपच्या जीएमपीच्या (औषधनिर्मितीच्या नियमावलीच्या) ॲनेक्स १ मध्ये ती आहे (त्याची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली) आणि आपल्या औषध नियमांतल्या शेड्यूल एम मध्येही निर्जंतुक औषधांसाठी हेच ग्रेड आहेत. नव्या मुलांचा गोंधळ इथेच होतो. ग्रेड ए म्हणजे आयएसओ ५ असं पाठ केलं, तर अर्धंच पाठ झालं. ग्रेड दोन गोष्टी जास्त विचारतो. एक, हा आकडा खोली रिकामी असताना आला की काम चालू असताना? दोन, हवेत जिवंत काय आहे?

पहिला मुद्दा आकड्यांत बघा. खोली तयार आहे, यंत्रं लावलेली आहेत, माणूस एकही नाही, अशा वेळी ग्रेड ए ची मर्यादा ३,५२० आणि ग्रेड बी चीही ३,५२०. म्हणजे रिकाम्या अवस्थेत फक्त कण मोजून तुम्हाला ए आणि बी वेगळे ओळखता येणार नाहीत. काम सुरू झालं की ए ला तीच ३,५२० ची मर्यादा पाळावी लागते, बी ला मात्र ३,५२,००० पर्यंत सूट मिळते. शंभरपट. हा फरक जवळजवळ सगळा माणसांमुळे पडतो. सी ची मर्यादा रिकाम्या अवस्थेत ३,५२,००० आणि कामात ३५,२०,०००. खोली तीच, फिल्टर तेच, एसीही तोच. आत माणसं गेली आणि मर्यादा एवढी बदलली. म्हणून कुणी मला "आमची खोली ग्रेड बी आहे" असं सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "कोणत्या अवस्थेत, आणि आत किती जण होते?" वर्ग त्या क्षणाच्या हवेचा असतो. सर्टिफिकेट मिळतं ते त्या दिवसाचं. बाकीचे दिवस तुमच्या विभागाच्या हातात असतात.

आता हेपाकडे येतो. बहुतेकांच्या डोक्यात चहाची गाळणी असते: भोकं बारीक, मोठा कण अडकणार, छोटा निसटणार. हेपा तसा काम करतच नाही. तो काचेच्या अतिबारीक तंतूंचा, घड्या घातलेला कागद असतो आणि त्यातल्या मोकळ्या जागा पकडायच्या कणांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. मोठा कण जड असल्यामुळे हवा तंतूला वळसा घालते तेव्हा त्याला वळता येत नाही, तो सरळ जाऊन आदळतो. मधल्या आकाराचा कण हवेबरोबर वळतो, पण तंतूच्या अगदी जवळून जाताना घासून चिकटतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू इकडून तिकडून ढकलत असतात. तो नागमोडी भटकत राहतो आणि भटकता भटकता कुठल्यातरी तंतूला जाऊन लागतो. एकदा चिकटला की सुटत नाही. पकडायला सर्वांत अवघड असतो तो ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या दरम्यानचा कण. आदळण्याइतका जड नाही, आणि भटकण्याइतका हलकाही नाही. म्हणून फिल्टरची परीक्षा याच आकारावर घेतात. एच१४ दर्जाचा फिल्टर या सर्वांत अवघड आकारालाही ९९.९९५ टक्के अडवतो. त्याहून लहान कण त्याला सोपे जातात, हे ऐकून दरवेळी कुणीतरी चकित होतं.

तेव्हा फिल्टरमधून येणारी हवा शुद्ध असते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण फिल्टर छतात आणि कुपी टेबलावर. मधल्या अडीच मीटरमध्ये काय होतं, तिथे आमचं निम्मं काम आहे.

हवा नेण्याच्या दोन पद्धती आहेत. सी आणि डी च्या खोल्यांत छतातून शुद्ध हवा सोडतात, ती खोलीतल्या हवेत मिसळते, आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून परत ओढली जाते. कण नाहीसे होत नाहीत, ते पातळ होत जातात. आयएसओ ८ च्या खोलीत तासाला किमान २० वेळा हवा बदलतात, म्हणजे दर तीन मिनिटांना एकदा. बाहेरची ताजी हवा त्यात थोडीच असते, बाकी तीच हवा पुन:पुन्हा फिल्टरमधून फिरते. परत ओढणारी जाळी तळाशी का, तर कण वरून खाली जावेत म्हणून. त्या जाळीसमोर ट्रॉली किंवा डस्टबिन उभं करू नका. मी राउंडला गेलो की सर्वांत आधी तेच बघतो, आणि दर चार कारखान्यांत एका तरी ठिकाणी सापडतंच.

ग्रेड ए मध्ये मिसळणं चालत नाही. तिथे सबंध हवा एकाच दिशेनं, सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर वेगानं सरकत असते आणि समोर येईल ते खाली ढकलत नेते. ही कल्पना विलिस व्हिटफील्ड या अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या भौतिकशास्त्रज्ञाची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. त्याआधीच्या स्वच्छ खोल्यांत हवा घुमत राहायची आणि कण त्यातच फिरत राहायचे. त्यानं हवेला नदीसारखी वाहायला लावली आणि मोजणी एकदम खाली आली. तुमच्या फिलिंग लाइनवर "फर्स्ट एअर" हा शब्द ऐकाल. फिल्टरमधून निघालेली हवा कशालाही न शिवता उघड्या कुपीवर पोचली पाहिजे, असा त्याचा अर्थ. कुपीच्या वरून हात गेला, तर ती हवा आधी तुमच्या बाहीला लागली आणि मग कुपीत गेली. हातमोजा निर्जंतुक असला तरी हे चुकलेलंच आहे. यावर मी ऑपरेटरांशी तासन् तास बोललो आहे, कारण हे डोळ्यांना दिसत नाही आणि न दिसणारी गोष्ट पाळायला मन मोठं लागतं.

दाबाचं गणित सोपं आहे, पण त्यातली गंमत हाताला जाणवते. स्वच्छ खोलीतला दाब शेजारच्या कमी स्वच्छ खोलीपेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे फट असली तरी हवा बाहेरच जाईल. वेगवेगळ्या ग्रेडच्या खोल्यांमध्ये किमान १० पास्कलचा फरक हवा. आपल्याकडे बरेच जण १५ ठेवतात. १५ पास्कल म्हणजे दीड मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब. ऐकायला काहीच नाही. पण दोन चौरस मीटरच्या दारावर तो तीन किलोच्या रेट्याइतका होतो. म्हणून दार नेहमी जास्त दाबाच्या बाजूला उघडणारं बसवतात, हवाच ते मिटवून धरते. तुमच्या एअरलॉकचं (दोन खोल्यांमधल्या दोन दारांच्या छोट्या खोलीचं) दार कधी नेहमीपेक्षा हलकं वाटलं, तर गेजकडे बघायच्या आधीच समजा की काहीतरी सुटलं आहे. पेनिसिलीन किंवा कर्करोगाची औषधं जिथे बनतात, तिथे बाहेरच्यांना औषधापासून वाचवायचं असतं, म्हणून दाबाची मांडणी वेगळी असते. तो विषय मोठा आहे, इथे नको.

माणसांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. शांत बसलेला माणूसही मिनिटाला लाखाच्या घरात कण सोडतो आणि चालू लागला की ते कित्येक पटींनी वाढतात. त्वचेच्या खपल्या, कपड्याचे तंतू, श्वासातले थेंब. गाउन हे कण आतल्या आत अडवून ठेवण्यासाठी असतो, तुमच्या संरक्षणासाठी नाही. आधी हुड आणि मास्क, मग बॉयलर सूट, मग क्रॉसओव्हर बाकावर बसून एकेक पाय पलीकडे टाकत बूट. वरून खाली असा क्रम, म्हणजे वरचं जे झडेल ते नंतर चढवलेल्या कपड्यावर पडत नाही. सूट घालताना त्याची बाही जमिनीला लागता कामा नये. ती गोळा करून मुठीत धरायची आणि आत पाय सोडायचा. हे पहिल्या दिवशी नीट शिकवणारी एक सीनियर ताई तुमच्याकडे असेलच. तिच्याकडून शिका, एसओपी (लेखी कार्यपद्धती) वाचून हे हाताला येत नाही. आत सावकाश चाला. लोकलला पळत चढायची सवय आपल्या सगळ्यांना असते, ती चेंज रूममध्ये सोडून जायची.

आता पावसाळा. जुलैत मुंबईची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता अशी असते, तेव्हा एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. खोलीत आपल्याला २२ अंश आणि ५० टक्के हवं, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. बाकीचे १५ ग्रॅम काढावे लागतात. एएचयू (हवा गाळून, थंड करून खोलीत सोडणारं यंत्र) तासाला १,००० घनमीटर ताजी हवा घेत असेल, तर त्यातून ताशी सुमारे १७ लिटर पाणी निघतं. एका एएचयूमधून, चोवीस तास. त्यासाठी थंड नळ्यांच्या कॉइलवर हवा ११ अंशांपर्यंत थंड करून पाणी गाळावं लागतं आणि मग ती पुन्हा गरम करून खोलीत सोडावी लागते. पुण्याचे इंजिनिअर इथे आले की विजेचं बिल बघून विचारतात, थंड केलेली हवा परत गरम कशाला? एकदा जुलैत ते रीहीट बंद करून बघा. एकतर हवा ११ अंशांनीच खोलीत शिरेल आणि माणसं कुडकुडतील, नाहीतर थंडावा कमी करावा लागेल आणि आर्द्रता ७० च्या वर जाईल. तेवढी ओल मिळाली की पॅनलचे सांधे, लेबलचे कागद, वर सीलिंगमधलं इन्सुलेशन, सगळीकडे बुरशीला घर मिळतं.

हे निघालेलं पाणी जातं कुठे, तेही बघून ठेवा. कॉइलखालच्या ट्रेचा ड्रेन पाइप पंख्याच्या ओढीच्या बाजूला असतो. त्याला पुरेसा खोल यू-ट्रॅप (पाणी साठून राहणारा यू आकाराचा वळसा) नसेल तर पंखा त्या पाइपातून हवा वर ओढतो, पाणी उतरतच नाही आणि ट्रे तुडुंब भरतो. दोन हजार रुपयांच्या पाइपासाठी लाखांचा एएचयू आतून कुजलेला मी पाहिला आहे. मे संपायच्या आत सगळे ट्रॅप तपासून घ्या.

पण पावसाळ्याचा सगळ्यात मोठा धडा मला एअरलॉकमध्ये मिळाला. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून जुलैत फोन आला. ग्रेड सी च्या खोलीत एकाच ठिकाणच्या सेटल प्लेटवर (हवेतून पडणारे जंतू टिपायला उघडी ठेवलेली प्लेट) लागोपाठ तीन वेळा बुरशी. ९० मिलिमीटरची प्लेट, त्यावर शिळ्या पावावर येते तशी करडी-हिरवी, कापसासारखी दोन-तीन वर्तुळं. सी ला चार तासांच्या प्लेटवर ५० वसाहती (जंतू वाढून दिसणारे ठिपके) चालतात, म्हणजे आकडा मर्यादेत होता. पण जीवाणू आणि बुरशी यांचा हिशोब एकत्र करायचा नसतो. बुरशी दिसली की ओल शोधायची. त्यांनी फिल्टरवर संशय घेतला होता. आम्ही रात्रभर सगळे हेपा पीएओ या तेलाचा धूर सोडून तपासले. फोटोमीटरचा प्रोब फिल्टरच्या तोंडापासून इंचभर अंतरावर धरून इंच इंच फिरवायचा आणि धुराचा ०.०१ टक्क्याहून जास्त अंश कुठे निसटतो का ते पाहायचं. गळती निघाली तर बहुतेक वेळा कडेच्या गॅस्केटला निघते, मध्यभागी क्वचितच. त्या रात्री एकही निघाली नाही. दाबाचे आलेखही स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मी मटेरियल एअरलॉकमध्ये नुसता उभा राहिलो. अकराच्या सुमारास एक हेल्पर रबर स्टॉपरचे (कुप्यांच्या बुचांचे) बॉक्स घेऊन आला, आणि मास्कमधूनही मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. बॉक्स बाहेरच्या खोलीत उघडायचे असा नियम होता, पण त्या खोलीचं छप्पर गळायला लागलं होतं, म्हणून दोन आठवडे बॉक्स थेट एअरलॉकमध्ये उघडले जात होते. आतल्या पिशव्या ७० टक्के आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसत होते, अगदी मनापासून. पण आयपीए वाढत्या जंतूंवर चालतं, बीजाणूंसाठी (बुरशीच्या सुप्त, बियांसारख्या कणांसाठी) त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ओला पुठ्ठा म्हणजे बुरशीचं शेत, आणि तो फाडला की बीजाणू हवेत. दार उघडलं की माणसाबरोबर आणि ट्रॉलीबरोबर ते आत. त्या मुलानं छप्पर गळत असल्याचं सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नव्हतं. छप्पर दुरुस्त झालं, पुठ्ठा बाहेरच थांबला, पुसण्यासाठी बीजाणूनाशक आलं, आणि ऑगस्टपासून ती प्लेट स्वच्छ झाली. त्या तपासाच्या अहवालात हेल्परनं दिलेली सूचना तारखेसह लिहावी, असा आग्रह मी धरला होता, आणि ती लिहिली गेली.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पार्टिकल काउंटर लगेच सांगतो, पण कण जिवंत आहे की धूळ, हे त्याला कळत नाही. मिनिटाला २८.३ लिटर ओढणारा काउंटर एक घनमीटर हवा मोजायला ३५ मिनिटं घेतो, आणि तेवढ्या वेळात काउंटरजवळ कोण उभं होतं यावर आकडा हलतो. प्लेट जिवंत काय ते सांगते, पण उबवून उत्तर यायला काही दिवस जातात, तोवर बॅच भरून झालेली असते. म्हणून एकट्या कुठल्याच नोंदीवर निभत नाही. दाब, आर्द्रता, कण, प्लेट, आणि त्या दिवशी आत कोण होतं त्याचं रजिस्टर, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचलं तरच काही दिसतं.

तुम्ही नव्या आहात, म्हणून दोन कामं सांगतो. गेल्या तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या प्लेट्सच्या नोंदी काढा आणि बुरशी कुठल्या जागेवर आली त्या जागा नकाशावर पेन्सिलनं खुणा करून ठेवा. आणि तुमच्या फिलिंग लाइनच्या स्मोक स्टडीचा व्हिडिओ मागून घ्या. धुराची पांढरी रेघ फिल्टरखालून सरळ उतरते, आणि ऑपरेटरचा हात मध्ये आला की कोपराभोवती गोल वळते, ती जागा थांबवून पुन्हा बघा. तो हात कुठल्या कामासाठी आत गेला होता, हे लाइनवरच्या लोकांना विचारा.